मधल्या मजल्यावरची इदालिना

इदालिना ब्रूमला स्वप्नं पडायची ती माणसांची नव्हेत, घराची. सकाळी कॉफीचा मग घेऊन ती मागच्या लाकडी जिन्यावर बसायची, मी खाली भाजीच्या वाफ्यात वाकलेला असायचो, आणि वरून तिचं सांगणं सुरू व्हायचं. काल म्हणे घर बंदरात उभं होतं आणि भरतीच्या पाण्यावर हलकेच वरखाली होत होतं. परवा म्हणे वरच्या मजल्याच्याही वर आणखी एक मजला निघाला आणि तिथे तिची आई पावाचं पीठ मळत बसली होती. मी मान वर न करता हूं हूं करायचो. पण ऐकत मात्र सगळं असायचो. मला स्वतःला स्वप्नं पडत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याच्या स्वप्नावर दिवस काढायची मला खोड लागली आहे.

घर तीन मजल्यांचं, लाकडी, आमच्या गल्लीतल्या इतर घरांसारखंच. तळाला मी, भाडेकरू. मधल्या मजल्यावर इदालिना. वर तिची मुलगी लुर्देस. तिच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा होतो, पण ती मला जर्मानोकाकाच म्हणते. पुढच्या अंगाला हायड्रेंजियाची निळी झुडपं, मागे द्राक्षांचा मांडव, मांडवाखाली इदालिनाच्या नवऱ्याने, झेफेरिनोने, जुन्या बोटीच्या फळ्या ठोकून केलेलं बाक. मागच्या जिन्याची एक पायरी पहिल्यापासून सैल होती. झेफेरिनो दर उन्हाळ्यात ती बसवणार होता. शेवटी आम्हा सगळ्यांच्या पायांनाच ती पाठ झाली. तिथे आलं की पाय आपोआप जरा जास्त उचलला जायचा आणि वरच्या पायरीवर पडायचा. नवखा माणूस मात्र हमखास अडखळायचा. न्यू बेडफर्डात असली घरं शेकड्यांनी आहेत, पण इदालिनाला विचाराल तर घर ते एकच, बाकी सगळ्या इमारती.

आम्ही दोघंही समुद्रापलीकडच्या फायाल बेटावरचे. ज्वालामुखीनं शेतं राखेखाली गाडली तेव्हा लहानपणीच इकडे आलो. बेटावरचा जो तो इथे येऊन जन्मभर एकच घोकतो, पुढच्या वर्षी परत जायचं. मीही घोकत आलो. इदालिना कधीच घोकत नव्हती. मला मात्र टोमणे मारायची.

"अहो जर्मानो, तुमच्या बॅगेला बुरशी आली असेल. निदान उन्हात तरी घाला."

"पुढच्या वर्षी घालतो," मी म्हणायचो.

ती जन्मभर कोटांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर बसली. झेफेरिनो शिंपल्यांच्या बोटीवर. हे घर त्या दोघांच्या पाठींवर उभं राहिलं आहे, असं मी म्हणतो तेव्हा अतिशयोक्ती करत नाही. तिची वाकत गेलेली पाठ मी बघितली आहे.

एका हिवाळ्यात झेफेरिनोची बोट वादळात सापडली आणि तिचा काही पत्ता लागेना. बंदरावर बायका नुसत्या उभ्या होत्या. इदालिना बंदरावर गेली नाही. मधल्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहून तिनं मोठ्यानं नवस बोलला. हा माणूस परत आला तर पवित्र आत्म्याचा मुकुट एक आठवडा या घरात बसेल. लुर्देस पाळण्यात होती आणि मी दारात उभा होतो, म्हणजे साक्षीदार मी एकटाच. बोट आली. झेफेरिनोच्या दाढीत बर्फ होतं आणि तो जेवायला सोप मागत होता.

आता हा मुकुट म्हणजे चांदीचा, वर कबुतर बसलेला. ईस्टरनंतर दर आठवड्याला तो एकेका घरी राहायला जातो. घरं चिठ्ठ्या टाकून ठरतात. ज्याची चिठ्ठी निघते त्याच्या घरात वेदी मांडतात, आठवडाभर दार उघडं ठेवतात, संध्याकाळी आळी जपमाळ म्हणायला जमते आणि शेवटच्या दिवशी येईल त्याला सोप वाढतात. पावावर ओतलेला मांसाचा रस्सा आणि वर पुदिना. इदालिना दर वर्षी नाव घालायची आणि दर वर्षी नाव हुकायचं. समोरच्या आळशी मेंदोन्साच्या घरी मुकुट दोनदा येऊन गेला, आणि त्याच्या घरात तर वेदीला जागा करायला टीव्ही हलवावा लागला. इदालिना म्हणायची, "नवस फेडल्याशिवाय मला मरता येत नाही ना, म्हणून पवित्र आत्मा माझी चिठ्ठी वर येऊ देत नाही. जगवतोय मला." हसत म्हणायची, पण चिठ्ठ्यांच्या दिवशी तिच्या हातचा पाव नीट फुगायचा नाही.

विम्याचं खूळ झेफेरिनोचं. त्याच्या बोटीचा तांडेल म्हातारपणी अंथरुणाला खिळला, म्हाताऱ्यांना कायमचं ठेवून घेणाऱ्या नर्सिंग होममध्ये गेला, जवळचं सगळं संपल्यावर सरकारच्या मेडिकेडनं, म्हणजे गरिबांच्या औषधपाण्याच्या योजनेनं, खर्च उचलला आणि त्याच्या घरावर बोजा चढवला. तांडेल गेला, पाठोपाठ घरही विकलं गेलं. त्याची पोरं फुटपाथवर खुर्च्या मांडून बसली होती. झेफेरिनो ते बघून आला आणि दोन दिवस जेवला नाही. त्याच सुमारास चर्चच्या हॉलमध्ये एक टाय लावलेला माणूस आला आणि म्हातारपणी लागणाऱ्या शुश्रूषेच्या विम्याबद्दल बोलायला लागला. आम्ही त्यानं आणलेला गोड पाव खाल्ला आणि त्याचीच टिंगल केली. बोटीचा विमा ऐकला होता, कुल्ले पुसून घ्यायचा विमा कुणी ऐकला होता? झेफेरिनो मुकाट्यानं सही करून आला, स्वतःची आणि बायकोचीही.

पुढे तो द्राक्षांची छाटणी करता करता मांडवाखालीच गेला. हातातली कात्री खाली पडायला वेळ लागला, इतका पटकन. त्याच्या विम्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. इदालिना मात्र आपला हप्ता भरत राहिली. मी एकदा म्हटलं, बंद करा की आता. तर म्हणाली, "त्यानं सुरू केलेलं तेवढं एकच काम पुरं होतंय, होऊ दे." सैल पायरीचा टोला होता तो.

मग तिचे पाय गेले. आधी स्वयंपाकघरात पडली, नंतर न्हाणीघरात, आणि हृदय इतकं दमलं की खुर्चीतून उठलं तरी धाप लागायची. दिवसरात्र कुणीतरी हवं झालं. लुर्देस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिनं ठरवलं, विम्यातून घरीच बाई ठेवायची. त्याची चौकशी करायला आम्ही दोघं वकील फुर्तादोंकडे गेलो. फुर्तादोंचा बाप मासळीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर मासे कापायचा, त्यामुळे ते माझ्यासमोर ऐट करत नाहीत.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्या राज्यात असा विमा काढलेल्यांसाठी एक वाट ठेवली आहे. नर्सिंग होममध्ये पाऊल टाकाल त्या दिवशी विम्यात पुरेसं बळ शिल्लक असेल, तर पुढे मेडिकेडनं खर्च उचलला तरी घरावर बोजा चढत नाही, जिवंतपणीही नाही आणि मागाहूनही नाही. पण तोच विमा आधी घरच्या बाईवर खर्च करायला लागलात, तर ऐन वेळी बरणी अर्धी निघते आणि वाट बंद होते. आणि ती कधी ना कधी आत जाणारच, असं डॉक्टर म्हणतात. एक अट आणखी आहे, ती अर्जाच्या वेळची, असंही ते म्हणाले आणि सांगायला लागले. तोवर लुर्देस हुंदके देत होती आणि मी तिच्यासाठी पाणी शोधायला बाहेर गेलो होतो, त्यामुळे ती अट त्या खोलीतच राहून गेली.

इदालिनानं सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे मी घरात राहिले तर घर जाईल, आणि मी गेले तर घर राहील."

"माई, घर गेलं खड्ड्यात," लुर्देस म्हणाली. "लोक म्हणतील, मुलीनं आईला टाकली."

"लोकांना सांग, आई मोठी झाली, वेगळी राहायला लागली." मग तिनं लुर्देसचा हात धरला. "मुकुट कुठे ठेवशील घर गेल्यावर? फुटपाथवर? बरणी भरलेली आहे तोवर जाते मी."

ती गेली. मधला मजला रिकामा झाला आणि मला पहिल्यांदा कळलं की तिच्या पावलांचा आवाज हे माझं छप्पर होतं.

नर्सिंग होम गावाच्या दुसऱ्या टोकाला. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची आणि तीही बऱ्याचदा धुक्यात. मी रोज दुपारी बसनं जायचो. जाऊन बसलो की ती म्हणायची, "थांबा हं, मी जरा घरी जाऊन येते." डोळे मिटायची आणि निघायची. मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात सांगत सांगत ती मागच्या जिन्यानं वर चढायची, सैल पायरी ओलांडायची, दार ढकलायची. ते दार पावसाळी हवेत फुगतं, त्याला खांदा द्यावा लागतो, तेव्हा तिचा खांदाही जरासा हलायचा. मग स्वयंपाकघर. ओट्यावर हात फिरवायची. खिडकीतल्या कुंड्यांची माती चाचपायची. पुढच्या खोलीत झेफेरिनोचा फोटो सरळ करायची, तो कायम डावीकडे कलतो. कधी कधी मध्येच थांबून म्हणायची, "न्हाणीतला नळ गळतोय." मी असल्या गोष्टी मानणारा नाही, पण घरी येऊन वर गेलो तर नळ गळत होता. वायसर बदलला. तिला सांगितलं तर तिला मुळीच नवल वाटलं नाही. "मग? मी बघून आले होते ना."

कसे दिवस होते ते. बाहेर धुकं, खोलीत हीटरची सुरसुर, आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या घरात हिंडतोय. परतताना बसमध्ये मला कळेनासं व्हायचं की मी आता घरी चाललोय की घरून आलोय. आयुष्यात प्रथमच मला कुणाच्या तरी स्वप्नात जागा मिळाली होती आणि मी सुखात होतो. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

विमा तिथला सगळा खर्च पुरवत नव्हता. वर्षभरात तिची होती नव्हती ती शिल्लक संपली आणि मेडिकेडकडे अर्ज करायची वेळ आली. त्याच वसंतात चिठ्ठ्या निघाल्या आणि इदालिना ब्रूमचं नाव आलं.

हॉलमध्ये लोक उभे राहिले. मेंदोन्सा रडला, तो कशावरही रडतो. आम्ही धावत जाऊन तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरी वेळ साधली त्यानं."

त्या आनंदाच्या भरातच सगळा घोळ झाला. अर्जाचं बघणाऱ्या सरकारी बाईंचा लुर्देसला फोन आला. इकडचंतिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, तुमची आई घरी परत येणार आहे का? लुर्देस म्हणाली, येणारच, घरी मुकुट येतोय, उन्हाळ्यापर्यंत आई हिंडायफिरायला लागेल. आमच्यातली कुठली मुलगी दुसरं काही बोलली असती? आमच्या गल्लीत नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षं पडून असलेल्या म्हाताऱ्या आहेत आणि त्यांचे बर्फातले बूट अजून दाराशी ठेवलेले आहेत. विचारा, घरचे सांगतील, येईल सणापर्यंत. येणार नाही म्हणणं म्हणजे हातानं शवपेटीचं माप देणं. लुर्देस जिना उतरून मला अभिमानानं सांगत आली की काका, मी किती ठासून सांगितलं. मलाही ते छानच वाटलं.

फुर्तादोंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"दुसऱ्या कुणाचं असतं तर मीच शिकवलं असतं, परत येणार म्हणा," ते म्हणाले. "पण विम्याच्या वाटेची अटच ती आहे. घरी परत जाणार नाही, असं सरकारला सांगावं लागतं. सांगितलं तर घर सुटतं. मी त्या दिवशी सांगत होतो, तुम्ही दोघं कुठे होता?"

"हा कसला उफराटा कायदा?" मी म्हटलं.

"असा लिहिलाय. का लिहिलाय ते मलाही कुणी सांगितलेलं नाही."

अजून निकाल लागला नव्हता, एवढंच नशीब. त्यांनी त्या सरकारी बाईंशी बोलून ठरवलं की बाई स्वतः नर्सिंग होममध्ये येतील आणि इदालिनालाच विचारतील. तिनं स्वच्छ सांगितलं तर आधीचं मुलीचं बोलणं धरणार नाहीत. पण सांगायला तिनंच हवं.

हे तिच्या कानावर कोण घालणार? लुर्देसला ते वाक्य पुरं करता येईना. म्हणजे मीच. मी सगळा कायदा तिला समजावला आणि वर शहाणपणा केला. म्हटलं, "नुसतं तोंडानं म्हणायचं, दोना इदालिना. मनात काय आहे ते कोण बघायला येतंय?"

ती एवढी चिडलेली मी कधी बघितली नव्हती.

"नवस मी तोंडानंच बोलले होते. तो काय खोटा होता? तुम्हीच होता ना दारात?"

"होतो," मी म्हटलं.

"मी बोलेन ते खरं असायला पाहिजे," ती म्हणाली. "बाई यायला वेळ आहे ना अजून? मग तोवर मला ते खरं करू दे."

आणि तिनं ते खरं केलं. रोज दुपारी ती डोळे मिटून घरी जायची, पण आता निरोप घ्यायला. एका दुपारी स्वयंपाकघर. प्रत्येक भांड्यापाशी थांबली, कुठलं लुर्देसला, कुठलं कुणाला ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, दार ओढून घ्या. दुसऱ्या दुपारी न्हाणीघर आणि मधला बोळ. मग पुढची खोली. तिथे खिडकीपाशी ती खूप वेळ होती, त्याच खिडकीपाशी. मी तिला घाई केली नाही. मग म्हणाली, "ही खोली मुकुटाला. झालं." शेवटी मांडवाखालचं बाक. तिथे ती बसली नाही, नुसता हात ठेवून उभी राहिली असावी, कारण पांघरुणावर तिचा तळवा उपडा होता. मग तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "द्राक्षं आता तुम्ही बघायची." मला रडू आलं. मी खिडकीकडे वळून, धुकं फार आहे आज, असं काहीतरी म्हणालो. तिनं मला तेवढी सूट दिली.

सरकारी बाई आल्या. हॅलोरन नाव. दमलेला चेहरा, स्वच्छ बूट, बरोबर आमच्या भाषेत उलगडून सांगणारी एक मुलगी. लुर्देस भिंतीशी उभी होती. बाईंनी नावगाव विचारलं आणि मग तो प्रश्न विचारला. तुम्हाला घरी परत जायचं आहे का?

"नाही," इदालिना म्हणाली.

बाईंनी वर बघितलं. बऱ्या झालात तरी?

"बरी झाले तरी. त्या घरात माझी मुलगी राहते. मी परत जाणार नाही."

लुर्देस बाहेर गेली. बोळातून तिच्या चपलांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. हॅलोरनबाईंनी लिहून घेतलं, कागद पिशवीत घातला आणि निघताना इदालिनाच्या हातावर क्षणभर हात ठेवला. पुढे काही दिवसांनी फुर्तादोंचा फोन आला, घरावर बोजा चढणार नाही.

मुकुट यायच्या आधी आम्ही सगळं ठरवून ठेवलं होतं. मेंदोन्साची गाडी, चर्चच्या मंडळाची चार धट्टीकट्टी माणसं, खुर्चीसकट तिला जिन्यानं वर न्यायची, वेदीसमोर बसवायची आणि संध्याकाळी परत आणायची. फुर्तादोंना विचारलंही होतं. भेटीला जायला कुणाची ना नाही, असं ते म्हणाले होते. नर्सिंग होमवाल्यांनीही मान डोलावली होती.

"मी यायची नाही," इदालिना म्हणाली.

"माई, वकील चालतं म्हणालेत," लुर्देस म्हणाली.

"वकिलाला चालत असेल. मी नाही म्हणून सांगितलंय."

माझा तोल गेला. "अहो, एका दुपारची गोष्ट. इतक्या वर्षांचा नवस, आणि दारात गाडी उभी असताना हा कसला हट्ट?"

ती मला शांतपणे म्हणाली, "नवस मुकुट घरात यायचा होता, जर्मानो. मी घरात असायचा नव्हता."

तिच्याविनाच मुकुट आला. पुढच्या खोलीत पायऱ्यांची पांढरी वेदी, कागदाची फुलं, दोन्ही बाजूंना हायड्रेंजिया. झेफेरिनोचा फोटो मी सरळ केला, तो संध्याकाळपर्यंत पुन्हा कलला. आठवडाभर दार उघडं होतं. जिन्यावर माणसांची रीघ लागलेली आणि नवखा प्रत्येक जण त्या सैल पायरीवर अडखळत होता. लुर्देसनं आईच्या भांड्यांत पाव मळले आणि सगळे फुगले. मी माझ्या खोलीत पडल्या पडल्या वर पावलं ऐकायचो. इतकी पावलं, आणि त्यात एकही ओळखीचं नाही.

दुपारी मी तिला सगळं सांगायला जायचो. पण आता ती डोळे मिटत नव्हती. त्या बाई येऊन गेल्यापासून एकदाही ती घरी गेली नव्हती. मी म्हणायचो, डोळे मिटा, मी वेदी दाखवतो. ती टक्क उघड्या डोळ्यांनी गाड्यांकडे बघत ऐकायची. मी बोलता बोलता तिला जिना चढवत आणलं, दारापाशी आणलं, की हात वर करायची. "आत नका नेऊ. दारातूनच सांगा." तिनं आपल्या मनालाही बजावून ठेवलं होतं. असली सच्ची माणसं फार छळतात. मला तिचा रागही यायचा आणि तिच्या पायाशी बसावंसंही वाटायचं.

शेवटच्या दिवशी, रविवारी, सोप झालं. सगळी आळी जेवली, हॅलोरनबाई सोडून, त्यांना बोलवायचं कुणाला सुचलं नाही. मी एका डब्यात तिचा वाटा घेतला, वर पुदिन्याची डहाळी ठेवली, डबा टॉवेलात गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर धरून बसलो. अख्ख्या बसला पुदिन्याचा वास येत होता.

ती झोपली होती. उशीवर मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं. धुकं खिडकीला चिकटलेलं. मी डबा टेबलावर ठेवला, झाकण सैल केलं आणि खुर्चीत बसलो.

थोड्या वेळानं पांघरुणाखाली तिचा उजवा पाय हलला. मग डावा. पुन्हा उजवा. मला वाटलं, पेटके येत असतील. पण पाय शांतपणे, एकामागून एक, ठराविक लयीत हलत होते. मी बघत राहिलो. मग मध्येच तिचा पाय इतर वेळेपेक्षा जरा जास्त वर उचलला गेला, पांघरुणाचा डोंगर झाला, आणि सावकाश खाली आला. मग पुन्हा पहिल्यासारखा, एक, एक. सगळ्यात शेवटी तिचा खांदा किंचित पुढे झाला. फुगलेल्या दाराला द्यावा लागतो तसा.

नर्स आत डोकावली. "काय करताहेत त्या?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाय अवघडलाय."

ती गेली. मी हे लुर्देसला सांगितलं नाही, फुर्तादोंना सांगितलं नाही आणि जागी झाल्यावर इदालिनालाही सांगितलं नाही. तिनं जागेपणी दिलेला शब्द पाळला होता, झोपेतलं कुणाला कळवायचं नसतं. टेबलावर सोप निवत होतं. पुदिन्याचा वास खोलीभर झाला होता आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की बहुतेक ती वेदीपाशी पोचली असावी. मी तिला उठवलं नाही.